शाळा, मळा आणि घर

'समतोल' हा शब्द आजच्या प्रापंचिकाच्या ओठांवर वारंवार येतो. नोकरी आणि संसार यांचा समतोल, खर्च आणि मिळकत यांचा समतोल, अशा अनेक अर्थांनी तो आपण वापरतो. शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे तराजू उभा राहतो. एका पारड्यात घालायचे तर दुसऱ्यातून काढले पाहिजे, असा त्याचा हिशेब. अलीकडे काही कुटुंबांनी या तराजूवर फार मोठा भार ठेवला आहे. वयात येणाऱ्या मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचे, इमारतीच्या गच्चीवर किंवा सज्जात भाजीपाला पिकवायचा आणि त्याच वेळी पतिपत्नी, वृद्ध आईवडील, धाकटी भावंडे यांचा संसारही सांभाळायचा, असे हे तिहेरी व्रत आहे. ते घेणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुलावरील प्रेम आणि सृष्टीविषयीचा आदर यांतूनच बहुधा त्याचा उगम होतो. परंतु असे आईवडील धर्मगुरूकडे येतात, तेव्हा एकच प्रश्न विचारतात, "फादर, वेळ कसा पुरवायचा?"

हा प्रश्न खरा आहे, तथापि तो वरवरचा आहे. वेळेचे वाटप वेळापत्रकाने होऊ शकते. त्याच्या तळाशी जो प्रश्न दडला आहे, तो वेळापत्रकाने सुटत नाही. एकाच व्यक्तीने एकाच मुलाची आई आणि शिक्षिका, किंवा बाप आणि मास्तर, व्हावे काय? आणि व्हावयाचेच असेल, तर या दोघांपैकी कोणी केव्हा गप्प बसावे? नैतिक विचाराला येथून आरंभ होतो.

पहिला शिक्षक, एकमेव नव्हे

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, असे प्रतिपादन केले आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने हा त्यांचा हक्क आणि त्यांचे कर्तव्य असल्याचे नमूद केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये कुटुंबाविषयी लिहिलेल्या प्रबोधनपत्रात हाच धागा पुढे नेला. तेव्हा मुलाला घरी शिकवणारे आईवडील काही अनाचार करीत आहेत, असे समजण्याचे कारण नाही. शाळा ही संस्था कुटुंबाच्या मदतीला आली. कुटुंब शाळेसाठी निर्माण झाले नाही.

आपल्या देशाच्या कायद्याकडे पाहिले, तर २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो सहा ते चौदा वयोगटाचा विचार करतो. घरच्या शिक्षणाविषयी त्यात स्वतंत्र तरतूद नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था वयाची चौदा वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या परीक्षेसाठी नावनोंदणी करू देते. पाच विषय, एकदा नोंदणी केली की पाच वर्षांची मुदत आणि मधल्या काळात अनेक संधी, अशी तिची व्यवस्था आहे. २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे शाळा बंद झाल्या. त्या काळात शिक्षण घराच्या चार भिंतींत आले, आणि शाळा उघडल्यानंतरही काही कुटुंबांनी ते तेथेच ठेवले. कोणाचे मूल आजारी होते, कोणाला शाळेतील छळाचा धसका बसला होता, कोणाला खेळाच्या सरावासाठी वेळ हवा होता, तर कोणाला परीक्षांच्या शर्यतीचाच वीट आला होता. ही कारणे क्षुल्लक नाहीत.

पण 'पहिला' या शब्दाचा अर्थ 'एकमेव' असा होत नाही. विश्वपरिषदेचा तोच जाहीरनामा लगेच पुढे सांगतो की, या कार्यात कुटुंबाला संपूर्ण समाजाच्या साहाय्याची गरज असते. महाराष्ट्राच्या इतिहासातच याचे एक बोलके उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला. रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. कुटुंबाची अखंड तीर्थयात्रा हीच त्यांची शाळा. या शिक्षणाच्या बळावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. घरच्या शिक्षणाचे याहून उज्ज्वल फळ कोणते? पण याच रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती दीक्षा घेतल्यानंतर आपली एकुलती एक कन्या मनोरमा हिला शिक्षणासाठी इतरांच्या हाती, परदेशी, सोपवले. आईकडूनच सारे शिकलेल्या या स्त्रीने आई म्हणून सारे आपल्याच हाती ठेवण्याचा हट्ट धरला नाही.

बारा वर्षांचा मुलगा

नाझरेथच्या घराचा विचार केल्यावाचून ख्रिस्ती माणूस या प्रश्नाला हात घालू शकत नाही. ते घर, सुताराचे काम आणि शिक्षण एकाच छपराखाली होते, अशी आपली समजूत आहे आणि ती बव्हंशी योग्य आहे. परंतु प्रभू येशूच्या किशोरवयाविषयी शुभवर्तमानात जी एकच घटना येते, ती घराबाहेरची आहे. संत लूक सांगतो की, बारा वर्षांचा येशू वल्हांडण सणानंतर येरुशलेमेतच मागे राहिला. आईवडिलांनी तीन दिवस शोध घेतला. सापडला तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसलेला, त्यांचे ऐकणारा आणि त्यांना प्रश्न विचारणारा. मरियेने आपली व्यथा बोलून दाखवली, त्यावर मिळालेले उत्तर तिला समजले नाही, असे लूक प्रांजळपणे नोंदवतो. त्यानंतर मुलगा त्यांच्याबरोबर नाझरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

या प्रसंगात दोन्ही गोष्टी आहेत. मूल घराबाहेरचे गुरू शोधते, आणि ते घरी परततेही. पालकांना न समजणारे असे काहीतरी मुलामध्ये असते. मरियेने ते समजल्याचा आव आणला नाही. तिने ते अंतःकरणात जपून ठेवले.

तेराव्या शतकात धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी याविषयी एक मार्मिक विचार मांडला आहे. मूल विवेकाच्या वयाला येईपर्यंत आईवडिलांच्या छायेत जणू एका आध्यात्मिक गर्भाशयात असते, असे ते म्हणतात. मात्र स्वतःच्या बुद्धीचा वापर करू लागताच ते स्वतःचे होऊ लागते. किशोरावस्था म्हणजे या दुसऱ्या जन्माच्या वेणा होत. लहान मुलाला घरी शिकवणे आणि पंधरा वर्षांच्या मुलाला घरी शिकवणे, या म्हणूनच दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत आपण त्याला कुशीत घेत असतो. दुसरीत त्याने कुशीबाहेर पडण्याची वेळ आलेली असते, आणि नेमके त्याच वेळी आपण घराचे दार लावून घेतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबप्रेमावर लिहिलेल्या पत्रात पालकांना हाच इशारा दिला आहे. मूल या क्षणी कोठे आहे याचा सतत माग ठेवणे म्हणजे शिक्षण नव्हे. मनाने ते कोठे आहे, हे जाणण्याची उत्कंठा आपल्यापाशी आहे काय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

वाडी आणि गच्ची

आता मळ्याकडे वळू. आपल्या वसईकरांना हा विषय नवा नाही. केळीच्या बागा, पानवेली, मोगरा, सोनचाफा आणि विहिरीवरचा रहाट यांत आपल्या आधीच्या पिढ्या वाढल्या. पहाटेच्या गाडीने फुले आणि भाजी घेऊन मुंबईला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या कष्टावर अनेकांची शिक्षणे झाली. पुढे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. हरित वसई टिकावी म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी लढा दिला, तरीही बरेचसे हिरवेपण गेलेच. आज गच्चीवर अर्धे कापलेले पिंप ठेवून त्यात मेथी पेरणारा गृहस्थ कळत नकळत हरवलेल्या वाडीची आठवण जपत असतो.

ही केवळ हौस आहे असेही नाही. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे सामान्य माणसाला स्वतःच्या अंगणात प्रयोग करायला शिकवले. पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील टाकाऊ भाग यांपासून सकस माती करता येते, हा विचार शहरांतील गच्च्यांपर्यंत पोहोचला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून फुलवलेली बाग याच वाटेवरची.

घरी शिकणाऱ्या मुलाला अशी बाग किती शिकवू शकते! दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, नर फुलाच्या मागे नुसता देठ. उंच गच्चीवर कीटक क्वचितच फिरकतात, म्हणून नर फूल तोडून त्याचे पराग हाताने मादी फुलाला लावावे लागतात. जीवशास्त्राचा एक धडा तेथे जिवंत होतो. एक चौरस मीटर जागेवर फूटभर उंच ओली माती भरली, तर तिचे वजन सुमारे ५०० किलो होते, हे गणित केल्यावर मातीऐवजी उसाची चिपाडे आणि वाळलेली पाने का वापरावीत, हे उमगते. ही विद्या उसनी नसते, हाताने कमावलेली असते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा जो विचार मांडला, त्याचे मर्म हेच होते.

परंतु धोका येथेच आहे. सगळ्याच गोष्टींतून काहीतरी शिकवायचे, अशी सवय लागली की बाग ही बाग राहत नाही. वांग्याच्या रोपावर मावा पडला, की त्याची वहीत नोंद. मेथी किती दिवसांत काढणीला आली, याचा आलेख. मुलाने एखादे मिरचीचे झाड नुसते पाहावे, त्याच्यापाशी काही काम नसताना बसावे, ही मुभा उरत नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभूने एक छोटासा दाखला दिला आहे. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते ते त्याला कळत नाही. या दाखल्यातला शेतकरी झोपतो, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. त्याची झोप हा आळस नव्हे. वाढवणारा आपण नव्हे, याची ती कबुली आहे. किशोरवयीन मुलाला बागेकडून मिळणारा सर्वांत मोठा धडा माझ्या मते हाच आहे, आणि तो शब्दांनी देता येत नाही. आपली आई, आपला बाप एखाद्या गोष्टीसाठी मनापासून कष्ट करतात आणि तरीही ती त्यांच्या हुकमाने वाढत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहावे. जो पालक रोपापुढे इतका नम्र असतो, तो आपल्यापुढेही केव्हातरी तसाच नम्र होईल, अशी आशा त्याला वाटते.

न्यायाचा प्रश्न

अशाच एका घरातील आईने एकदा मला म्हटले, "फादर, दिवसभर मी त्याची बाई असते. आई व्हायला संध्याकाळ उरत नाही." मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीची तयारी घरीच चालू. नवरा पहाटेच्या विरार लोकलने कामाला जातो तो रात्री परततो. धाकटी मुलगी नेहमीच्या शाळेत. आईने नोकरी सोडलेली. गच्चीवर तीस-चाळीस डबे आणि पिंपे. मे महिन्यात टँकरचे पाणी मोजून वापरायचे. घरात सासूबाई आहेत. त्यांनी तक्रार म्हणून नव्हे, सहज म्हटले, "घरात आता कोणी नुसतं बसत नाही."

या दोन वाक्यांत सारा प्रश्न आला आहे. शिक्षकाचे काम मोजण्याचे आहे. किती आले, किती राहिले, कोठे चुकले, हे त्याने पाहायलाच हवे. तसे न करणारा शिक्षक कर्तव्यच्युत होय. आईचे प्रेम मात्र मोजणारे असू शकत नाही. शाळेतून अपयश घेऊन आलेले मूल घरी येते ते न मोजणाऱ्या कोणाकडे तरी यावे म्हणून. ज्या घरात परीक्षक आणि आई एकच असतात, त्या घरातील मुलाने अपयश घेऊन जायचे कोठे? घरच्या शिक्षणातील खरा धोका अभ्यास मागे पडण्याचा नसून हा आहे. मुलगा विद्यार्थी म्हणून उत्तम वाढेल, आणि मुलगा म्हणून पोरका होईल.

दुसरी बाब त्या धाकट्या मुलीची. तिचे काही बिघडलेले नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. नवरा-बायकोचे बोलणे मुलाचा अभ्यास आणि गच्चीवरचे पाणी यांपलीकडे जात नाही. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छताला ओल धरली, तर त्याचाही या हिशेबात समावेश हवा. जुन्या वाडीत काका-काकू, आजी, चुलत भावंडे, गडीमाणसे असे वीस हात होते. मूल कोणाबरोबरही शिंपणे करी, कोणाच्याही मागे लपे, आणि धर्मग्रामाच्या शाळेतही जाई. आज तीच वाडी, तीच शाळा आणि तेच घर एका स्त्रीच्या दोन हातांवर आले आहे. याला समतोलाचा प्रश्न म्हणणे हे सौम्य बोलणे झाले. हा न्यायाचा प्रश्न आहे. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, अशी त्याची जुनी व्याख्या आहे. एका लेकरासाठी केलेला त्याग दुसऱ्याच्या वाट्यातून दिला जात असेल, तर त्या त्यागाच्या पावित्र्याची तपासणी झाली पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, "मग हे सारे सोडूनच द्यावे काय?" काही घरांच्या बाबतीत उत्तर होय असेच आहे, आणि ते देताना संकोच करू नये. मुलाला पुन्हा शाळेत घालणे हा पराभव नव्हे. गच्चीवरचे डबे निम्मे करणे हाही नव्हे. भार उतरवायचाच झाला, तर आधी मळ्याचा उतरवावा, मग अभ्यासाचा; एकत्र जेवण, कौटुंबिक प्रार्थना आणि विश्रांती यांना हात लावू नये. पण आपण बहुधा उलट करतो. झोप, जेवण आणि रोझरी यांच्यातून वेळ चोरून वेळापत्रक पूर्ण करतो.

घंटा

ज्यांना हे व्रत चालवायचे आहे, त्यांच्यासाठी ख्रिस्तसभेच्या परंपरेत एक अनुभवसिद्ध आधार आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्यात मठाला त्यांनी प्रभुसेवेची शाळा म्हटले. पाणी, गिरणी आणि मळा मठाच्या आवारातच असावा, असेही सांगितले. म्हणजे शाळा, मळा आणि घर या तिन्ही गोष्टी तेथे एका कुंपणात होत्या. पंधराशे वर्षे ही व्यवस्था टिकली, त्याचे एक कारण म्हणजे घंटा. प्रार्थनेची खूण होताच हातातले काम जसे असेल तसे टाकून यावे, असा दंडक आहे. अक्षर अर्धे राहिले तरी चालेल, वाफा अर्धा खणलेला राहिला तरी चालेल. शिवाय सर्व गोष्टी दुर्बळांचा विचार करून प्रमाणात कराव्यात, आणि गंज काढण्याच्या भरात भांडेच फुटू नये याची मठाधिपतीने काळजी घ्यावी, असेही तो नियम बजावतो.

घरी शिकवणाऱ्या कुटुंबाला अशी घंटा हवी. एक ठरलेली वेळ, जिच्यानंतर आई बाई राहणार नाही. त्या वेळेनंतर गणिताचा विषय निघाला, तर उद्या सकाळपर्यंत तो थांबेल. आठवड्यातील एखादा विषय तरी घराबाहेरच्या कोणाकडे शिकावा, म्हणजे मुलाला आईच्या नजरेपलीकडचे गुरू आणि मित्र लाभतील. धर्मग्रामातील निवृत्त शिक्षकांनी हे काम आनंदाने अंगावर घ्यावे. बागेतला एक कोपरा मुलाच्या पूर्ण स्वाधीन करावा. त्यात त्याने काय लावावे, आणि पाणी घालायला विसरून ते वाळले तर काय करावे, यात कोणी बोलू नये. शिक्षणाचा पुढचा मार्ग ठरवताना त्याचे मत विचारावे, आणि विचारल्यावर ऐकावेही.

आणि रविवार. इस्राएलला दिलेल्या नियमशास्त्रात माणसाबरोबर जमिनीलाही विसावा आहे. दर सातव्या वर्षी शेत पडीत ठेवावे, असे लेवीय ग्रंथ सांगतो. २०१५ च्या आपल्या पर्यावरणविषयक विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी रविवारच्या विश्रांतीचा उल्लेख याच संदर्भात केला. विश्रांती म्हणजे कामाचा अभाव नव्हे. आपल्या कामाला अर्थ तेथून मिळतो. रविवारी मिस्साहून परतल्यावर मुलाला काही शिकवू नये, बागेत काही मोजू नये, घरात काही साधू नये. आजीजवळ नुसते बसावे. त्या दिवशी मुलाला कळते की, आपण या घरात कशासाठी तरी नसून या घराचे आहोत.

संत लूकने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. तीन वर्षे फळ नाही, म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणीन, खत घालीन. पुढे झाडाला फळ आले की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. माळ्याने हमी दिली ती स्वतःच्या कष्टांची, फळाची नव्हे. आणि मालकाकडे मागितला तो वेळ. मुलाला घरी शिकवणाऱ्या, गच्चीवर रोपे जोपासणाऱ्या आणि संसार सांभाळणाऱ्या आईवडिलांनी परमेश्वराजवळ याहून अधिक मागू नये, आणि आपल्या मुलाला याहून कमी देऊ नये.